मागच्या खोलीतला पाहुणा

त्या दिवशी मुकादमीण निघाली ती अगदी साध्या कामाला. कोर्टाचा बेलीफ एका बंद घरातल्या सामानाची यादी करणार होता, आणि घेणेकऱ्यांच्या बाजूचं एक माणूस तिथं हजर असावं असा हुकूम होता. ते माणूस म्हणजे ती. वेळ सकाळी अकराची. पिशवीत चष्मा, पाण्याची बाटली आणि डबा घालून ती बसमधून उतरली आणि चढाच्या रस्त्यानं चालू लागली. ऊन चांगलं होतं. भीती वाटावी असं त्या रस्त्यावर काही नव्हतं, आणि असतं तरी तिला दिसलं नसतं. सात महिने तिच्या पोटात एक राग ठाण मांडून बसला होता. दुसऱ्या कशाला तिथं जागाच नव्हती.

ज्याचं घर होतं तो मेलेला होता. शर्ट शिवायचा कारखाना चालवायचा तो. त्रेसष्ट बायका शिवायला, आणि त्यांच्यावर ही मुकादमीण, बावीस वर्षं. मालकानं एकदा सगळ्यांना जमवून सांगितलं होतं, पगारातला पाचवा हिस्सा माझ्याकडे ठेवा, बँकेपेक्षा जास्त व्याज देतो, अडीअडचणीला कधीही मागा. बायका चुळबुळल्या. तेव्हा मुकादमीण उठून म्हणाली होती, "मी ठेवतेय. तुम्हीही ठेवा. मालक कुठं पळून जातात?" तिच्या त्या एका वाक्यावर बायकांनी नऊ वर्षं पैसे ठेवले.

मालक खरंच पळून गेला नाही. एका सकाळी टेबलाशी बसल्या बसल्या गेला. आणि बायका पैसे मागायला गेल्या तेव्हा जावयानं दारातच कागद दाखवले. दोन वर्षांपूर्वीच्या तारखेचे. घर जावयाच्या नावावर, शिलाई मशिनं जावयाच्या नावावर, गाडी जावयाच्या नावावर. मेलेल्याच्या नावावर निघालं काय, तर अंगावरचे कपडे आणि एक छत्री. रस्त्यात पाकीट मारणाऱ्याला लोक चार रट्टे देतात. त्रेसष्ट जणींची नऊ वर्षं मारणाऱ्याला मात्र हात जोडून खुर्ची देतात, कारण त्यानं चाकू दाखवलेला नसतो, शिक्का दाखवलेला असतो.

बायका मुकादमिणीला तोंडावर काही बोलल्या नाहीत. पण ती वाण्याच्या दुकानात शिरली की आतलं बोलणं थांबायचं. काज-बटण करणारीनं पोरीला कॉलेजातून काढून कामाला लावलं, आणि तेव्हा ती कोणाला तरी म्हणाली, "मुकादमिणीला तिचा वाटा आधीच मिळाला असेल." ते तिच्या कानावर आलं. मालकाच्या तेराव्याला ती गेली होती. रडायला नाही. तो खरंच मेलाय का, हे बघायला.

बायकांच्या वकीलबाईनं तिला सगळं सोपं करून सांगितलं होतं. "कागद पक्के दिसतात, मावशी. जावई म्हणतो, सासऱ्यानं दोन वर्षांपूर्वीच सगळं देऊन टाकलं. त्यानंतर ते मागच्या खोलीत पाहुण्यासारखे राहत होते. आपल्याला एवढंच दाखवायचंय की सासरा मरेपर्यंत मालकासारखाच वागत होता. ते दाखवलं की हे सगळं नावावर करणं खोटं ठरतं."

"दाखवायचं कसं?"

"घरातल्या कोणी सांगितलं तर."

"घरात जावई आणि मुलगी."

"म्हणूनच मी तुम्हाला खोटी आशा देत नाही," वकीलबाई म्हणाली होती.

दार जावयानंच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा. "या, या बाई. वीज तोडलीय, जरा जपून. आमचं घर आहे, पण आम्हालाच परवानगी काढून यावं लागतं. काय दिवस आलेत."

आत अंधार होता. बाहेर भर ऊन, आणि आत खिडक्यांच्या जाड पडद्यांनी दिवस अडवून धरलेला. बंद घराला येतो तसा कोंदट, ओल्या कापडाचा वास येत होता. त्या वासाच्या तळाशी आणखी काही होतं. मुकादमीण उंबऱ्यातच थांबली. लवंग. मालक दिवसभर तोंडात लवंग धरायचा. इतके महिने बंद असलेल्या घरात तो वास आत्ताच कोणी बोलून गेल्यासारखा ताजा होता.

बेलीफ आधीच येऊन बसला होता. बुटका, जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस. मांडीवर लांबरुंद वही, शेजारी हातकंदील. जिन्याच्या पायरीवर मालकाची मुलगी बसली होती, सातवा महिना लागलेली, पाय सुजलेले. लहानपणी ती कारखान्यात येऊन चिंध्यांच्या ढिगावर झोपायची. मुकादमिणीकडे पाहून तिनं मान खाली घातली.

"माझी पद्धत सांगतो," बेलीफ वहीतून मान वर न काढता म्हणाला. "मी वस्तूचं नाव घेणार. ती कोणाची, हे ज्याला सांगायचं त्यानं सांगायचं. मी ऐकतो ते लिहितो. वाद घालायचा नाही. खरं-खोटं कोर्ट बघेल. माझे कान आणि माझा हात, एवढंच माझं काम."

"डोळे घरी ठेवलेत वाटतं," मुकादमीण म्हणाली.

"डोळे वहीत, बाई. वर बघत बसलो तर संध्याकाळपर्यंत उरकायचं नाही." त्यानं पेन उघडलं. "भिंतीवरचं घड्याळ."

"माझं," जावई म्हणाला.

पेन कुरकुरलं. "कपाट, लाकडी, तीन दारांचं."

"माझं."

टक्, टक्.

मागच्या खोलीतून आवाज आला. बोटाचं पेर लाकडावर दोनदा आपटावं तसा. जावयानं त्या बाजूला पाहिलं. "उंदीर," तो म्हणाला. "घर बंद असलं की होतात."

मुकादमिणीच्या हातावर काटा उभा राहिला होता. बावीस वर्षं तिनं ती टकटक ऐकली होती. कारखान्यात कोणी 'माझं टेबल', 'माझी कात्री' असं म्हटलं, की मालक काचेच्या खोलीतून दोनदा टेबल वाजवायचा. तेवढ्यानं बाई जीभ चावायची. एका पोरीनं स्वतःच्या पैशांनी आणलेल्या उशीवर स्वतःचं नाव शिवलं होतं, तर त्यानं ती उशी सगळ्यांसमोर उसवायला लावली होती. "या छपराखाली जे आहे ते एका माणसाचं आहे," असं तो म्हणायचा, आणि हसायचा.

"टेबल, जेवणाचं. खुर्च्या सहा."

"माझ्या."

टक्, टक्. या वेळी जास्त जोरानं. हातकंदिलाची ज्योत आडवी झाली आणि पुन्हा सरळ झाली. वारा नव्हता.

इतर कोणी असतं तर त्या घटकेला पिशवी उचलून रस्त्यावर गेलं असतं. मुकादमिणीनंही पिशवीला हात घातला. पण तिच्या पोटातला राग हळूच उठून बसला. तिच्या लक्षात आलं, तो इथंच आहे. आणि त्याला हे सोसवत नाहीये. घेणेकऱ्यांना टांग मारायला त्यानंच सगळं जावयाच्या नावावर केलं, आणि आता जावयानं 'माझं' म्हटलं की मेलेल्याचा जीव जळतोय.

ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "जावईबापू, किती नशीबवान हो तुम्ही. मालकांनी एवढं सगळं हसत हसत देऊन टाकलं?"

"हसत हसत."

"आणि स्वतः पाहुणे होऊन राहिले."

"हो ना. मागच्या खोलीत. दोन वेळचं जेवण, बस. कशात लक्ष नव्हतं त्यांचं."

मागच्या खोलीचं दार हळूहळू उघडलं. बिजागरीचा लांबलेला आवाज आला, आणि त्याच्यामागून लवंगेचा वास, थंड, ओला. पायरीवरची मुलगी पदर तोंडावर दाबून बसली होती. ती दाराकडे बघत नव्हती. बघायची तिला गरज नव्हती, असं मुकादमिणीला वाटलं.

"पुढं," बेलीफ म्हणाला. "आरामखुर्ची, वेताची."

ती खुर्ची खिडकीशी होती. वेत मधोमध दबलेला, एका माणसाच्या बसण्याच्या आकाराचा.

"ही तर मालकांचीच," मुकादमीण म्हणाली. "यात दुसरं कोणी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. यात बसायची तुमची छाती व्हायची नाही."

जावयाला ते लागलं. माणूस घाबरलेला असला की असं पटकन लागतं. "माझी खुर्ची आहे. बसून दाखवू?" आणि तो जाऊन बसला, पायावर पाय टाकून.

वेत कुरकुरला. मग जावयाच्या मागे, अगदी कानाशी, खालच्या पट्टीतला, थकलेला, चांगला ओळखीचा आवाज आला.

"ऊठ."

जावयाचा पाय खाली आला. त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज त्याच्या तोंडातून आलेला नव्हता.

"ऊठ म्हणतो ना..."

तो उठला. उठला म्हणण्यापेक्षा खुर्चीतून खाली घसरला आणि चार पावलं गुडघ्यांवर गेला. खुर्ची एकदा पुढं झुलली. मग मागं झुकली आणि तशीच राहिली. आत कोणी रेलून बसल्यावर राहते तशी.

बेलीफाची मान वहीतच होती. "कोण बोललं? एका वेळी एकानंच बोला. आपण कोण?"

"मालक."

"कशाचे?"

"सगळ्याचे."

पेन कुरकुरलं. बेलीफ तोंडानं पुटपुटत लिहीत होता. "सगळ्याचे... बरं. या गृहस्थांचं म्हणणं आहे की दोन वर्षांपूर्वी हे सगळं त्यांना दिलं गेलं."

"कोणाला काही दिलेलं नाही." आवाज आता चढला होता. "कागद नुसते नावाला. बायकांच्या हाती लागू नये म्हणून. हा कोण... हा माझ्या पैशांच्या चपला घालून फिरतो..."

"ताबा कोणाकडे?"

"माझ्याकडे."

"आणि पाहुणे म्हणून राहत होतात, ते?"

खुर्चीच्या हातावर टकटक झाली. दोनदा नाही. पुन्हा पुन्हा, थांबेचना. "पाहुणा कोणाला म्हणालास? मला पाहुणा... माझ्या घरात..."

मुकादमीण भिंतीला टेकली होती. दात एकमेकांवर वाजत होते, पण तिला हसू येत होतं, आणि ते हसू तिला आवरत नव्हतं.

बेलीफानं शेवटची ओळ पुरी केली, टीपकागद दाबला आणि वही पुढं केली. "इथं सही करा." वही हवेत तशीच राहिली. तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर केली. त्याला जमिनीवर बसलेला जावई दिसला. भिंतीशी मुकादमीण दिसली. पायरीवरची मुलगी दिसली. मग रिकामी खुर्ची दिसली, आपोआप मागं रेललेली. त्याच्या चष्म्याच्या भिंगांत कंदिलाची ज्योत थरथरली.

"सही..." तो अगदी हळू म्हणाला. "सही कोणाची घेऊ मी?"

"माझी घ्या," मुलगी म्हणाली.

"गप्प बस," जावई जमिनीवरून म्हणाला.

"नाही बसत. बाबा रोज येतात, आम्ही राहतो तिथंसुद्धा. रोज विचारतात, माझं कोणाला दिलंस..." ती कठड्याला धरून उठली. "लिहा तुम्ही. कागद दोन वर्षांपूर्वीचे नाहीत. मरायच्या आधी तीन आठवडे केले, जुने स्टँप आणून. बाबांनीच सांगितलं, ह्यांनी केलं, मी सही केली. आणि बाबा मागच्या खोलीत कधीच राहिले नाहीत. शेवटच्या दिवसापर्यंत तिजोरीची किल्ली त्यांच्या कमरेला होती. मावशी, मला माफ करा."

मुकादमिणीनं माफ केलं की नाही, ते तिचं तिलाच ठाऊक. तोंडानं ती एवढंच म्हणाली, "आधी सही कर, पोरी."

कोर्टात खुर्चीतल्या आवाजाचा उल्लेख आला नाही. बेलीफानं ते पान काढून टाकलं, आणि त्यानंतर तो यादी करताना प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघू लागला, असं म्हणतात. पण मुलीची साक्ष पुरेशी होती. व्यवहार खोटे ठरले. घर, मशिनं, गाडी, सगळं मेलेल्याच्या नावावर परत आलं आणि विकून घेणेकऱ्यांना वाटायचा निकाल झाला.

लिलाव त्याच घरात तीन दिवस चालला. मुकादमीण तिन्ही दिवस गेली. तिचं तिथं काही काम नव्हतं. एकेक वस्तू गेली की ती मागच्या खोलीच्या दाराशी जायची आणि आत तोंड करून सांगायची. "घड्याळ गेलं, मालक. न्हाव्यानं घेतलं, दुकानात लावणार आहे." आत टकटक व्हायची. "पलंग गेला. भंगारवाल्यानं नेला, लाकडाच्या भावात." टकटक. "खुर्ची गेली. एका म्हातारीनं घेतली. मांजराला बसायला." त्या वेळी आत जे काही आपटलं त्यानं पलीकडच्या खिडकीची काच तडकली, आणि लिलाववाला पाणी मागून बसला. मुकादमिणीला त्या दिवशी जेवण गोड लागलं. सूड म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्याला चव असते हे तिला तेव्हा कळलं, आणि एकदा लागलेली ती चव तिच्यानं सोडवेना.

शेवटी घरही गेलं. नव्या मालकाला किल्ली द्यायच्या आधी ती लिलाववाल्याकडून मागून घेऊन मुकादमीण एकटी आत शिरली. पडदे गेलेले, खोल्या उघड्या, भिंतींवर नुसते खिळे. ऊन थेट मागच्या खोलीपर्यंत आलं होतं. ती मधोमध उभी राहिली.

"सगळं गेलं," ती म्हणाली. "आता तुमचं काय राहिलं, मालक?"

ती बराच वेळ थांबली. टकटक झाली नाही. लवंगेचा वासही नव्हता. मेलेला माणूस विचारात पडलाय असं क्षणभर तिच्या मनात आलं, आणि ती कुलूप लावून निघाली. त्या दिवशी संध्याकाळी ती वाण्याच्या दुकानात शिरली तेव्हा आतलं बोलणं थांबलं नाही. काज-बटणवालीनं सरकून तिला जागा दिली.

ठेवलेल्या पैशांतले जवळजवळ दोन तृतीयांश हाती आले. बायकांनी ते मोडले नाहीत. लिलावातलीच अठ्ठावीस मशिनं घेतली, एक जुनी गोदामाची जागा भाड्यानं घेतली आणि स्वतःचं काम सुरू केलं. काचेची खोली नाही, मालक नाही. महिन्याच्या शेवटी वाटणी. मुकादमीण अजून कापड बेतायची, पण कोणी 'माझं मशिन' म्हटलं की ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "तुझंच आहे बये. पुसत जा जरा."

असं दोन-अडीच महिने चाललं. मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, दारात मालकाची मुलगी उभी राहिली. कडेवर सहा महिन्यांचं मूल. मुलगी वाळून गेली होती, केस विस्कटलेले, पायात दोन वेगळ्या चपला. बायका कुजबुजल्या. मुकादमीण उठली आणि तिला कापडाच्या गठ्ठ्यांच्या आड घेऊन गेली.

"जावईबापू कुठायत?"

"गेले सोडून. नवीन खोलीत राहायला आलो, त्याच आठवड्यात."

"पैसे हवेत का?"

"नाही." ती मुलाला घट्ट धरून होती, पण त्याच्याकडे बघत नव्हती. "मावशी, तुम्ही त्या दिवशी एकट्या आत गेला होतात. घर द्यायच्या आधी. मी फाटकाशी होते. तुम्ही बाबांना काय विचारलंत?"

मुकादमीण गठ्ठ्याचं सुटलेलं टोक आत खोचू लागली. "काही नाही. असंच..."

"त्या संध्याकाळपासून टकटक बंद झाली. मला वाटलं, सुटलो. आमच्याकडे काहीच नव्हतं ना आता. एक चटई, एक स्टोव्ह. त्यांनी कशाला यावं?" तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "मग एकदा दुपारी मी ह्याला पाजत होते. अर्धवट झोपेत. आणि कानाशी... अगदी सावकाश... ओळखीच्या आवाजात..."

"काय म्हणाले?"

"माझं."

गोदामात कोणाचा तरी डबा पडला आणि बायका हसल्या. मुलगी दचकली नाही. दचकण्याच्या पलीकडे गेली होती ती.

"तेव्हापासून हा रडत नाही. एकदाही नाही. डॉक्टर म्हणतात, शांत बाळ आहे, नशीब समजा. मावशी, तुम्ही त्यांना बोलतं केलंत. आता तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतात ते." आणि मुकादमीण काही म्हणायच्या आत तिनं मूल तिच्या हातात दिलं आणि दोन पावलं मागं सरली.

मूल वयाच्या मानानं जड होतं. उबदार होतं, दुधाचा वास येत होता, गालाला खळी होती. कोणाही बाईनं छातीशी धरावं असं. "काय रे राजा," मुकादमीण म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

मुलानं तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. सहा महिन्यांचं मूल उजेडाकडे बघतं, हलणाऱ्या वस्तूकडे बघतं. हे तसं बघत नव्हतं. त्याची नजर दारापासच्या पहिल्या मशिनवर गेली, तिथं थोडी थांबली, मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. एकही न गाळता ती ओळीनं पुढं सरकत गेली, भिंतीपर्यंत पोचली आणि दुसऱ्या रांगेला वळली. मशिनांमागून ती जेवत बसलेल्या बायकांवर आली आणि एकेका चेहऱ्यावरून तशीच, सावकाश, फिरली. काज-बटणवाली बोलता बोलता थांबली आणि मान चोळू लागली.

मुकादमिणीला मूल खाली ठेवायचं होतं. तिचे हात सुटेनात.

नजर शेवटी तिच्याकडे आली. मूल तिच्याकडे बघत राहिलं, आणि मग, फार दिवसांनी आपलं माणूस भेटावं तसं, हसलं.